होडी काढू की नको

पहिली चौकट काढायला मला तीन शनिवार लागले, आणि त्या चौकटीत होतं काय तर एक जिना.

झालं असं की मागच्या वर्षी पुण्यात शनिवारचा एक वर्ग लावला होता. ग्राफिक मेमॉयर, म्हणजे कॉमिक्समधून सांगितलेल्या खऱ्या आयुष्याच्या गोष्टी, त्या वाचायच्या, त्यावर बोलायचं, भांडायचं आणि शेवटी स्वतःच्या आठवणीचं एक पान काढून आणायचं. आठ चौकटी. चित्रकला आलीच पाहिजे अशी अट नव्हती, मॅडम म्हणाल्या काड्यांची माणसं काढलीत तरी चालतील, फक्त खोटं काढू नका. मला वाटलं हे काय, सोपंय. मी सांगलीची, गावभागातली, २००५ चा पूर आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि ती गोष्ट मी कॉलेजात, ऑफिसात, लग्नाआधी नवऱ्याला, इतक्यांदा सांगितलीय की तोंडपाठ झालीय. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं, बाबांनी टीव्ही डोक्यावर घेऊन वर नेला, आणि मग आम्ही होडीतून बाहेर पडलो. झालं पान.

तर जिना काढायला बसले. आता लिहिताना कसं, "पाणी सातव्या पायरीपर्यंत आलं" एवढं म्हटलं की ऐकणारा स्वतःच्या मनातला कुठला तरी जिना घेतो आणि पुढं जातो. कागदावर काढायचं म्हटलं की हा जिना डावीकडून वर चढतो का उजवीकडून? कठडा लाकडी होता का लोखंडी गज? जिन्याखाली काय होतं, सायकल होती का बाबांची जुनी लुना होती? आणि लाईट तर सकाळपासून गेलेली असणार, मग मला ते पाणी दिसलं कशाच्या उजेडात, बॅटरीच्या का मेणबत्तीच्या? बोलताना जिथं आपण गुळमुळीत काहीतरी म्हणून निसटतो तिथं पेन्सिल अडून बसते. कडमडली तिथंच माझी गाडी.

शेवटी दादाला फोन केला.

"खालच्या जिन्याला पायऱ्या किती रे?"

"अकरा. का गं, विकायचाय काय जिना?"

"पाणी सातवीपर्यंत आलेलं ना?"

"आपण होतो तोवर? छ्या. तीन."

"अरे सात!"

"तू कधी बघितलंस सात? आपण संध्याकाळीच निघालो की. सातवं नंतर झालं, बाबा आपल्याला मावशीकडं सोडून परत गेलेले ना, त्यांनी सांगितलं ते."

"बरं, होडीतून निघालो ते तरी आठवतंय का?"

यावर तो एवढा हसला की मागनं वहिनीनं विचारलं काय झालं. "होडी? कसली होडी? मामाचा टेम्पो चौकात उभा होता. तिथपर्यंत पाण्यातनं चालत गेलो. तू कुठली चालतीस, तुला बाबांनी खांद्यावर घेतलेलं."

वीस वर्षं मी लोकांना होडी सांगत आलेय. बाबांना विचारावं तर ते आता नाहीत. भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती, ती बघावी तर २०१९ चा पूर त्याहून मोठा आला, नवी रेघ वरती उठली आणि दोन्ही रेघांवरनं दादानं रंग मारून घेतला. आणि फोटो म्हणाल तर अल्बम खालच्या कपाटातच राहिला होता. पाणी उतरल्यावर आईनं गच्चीत वर्तमानपत्रं पसरून एकेक फोटो सोडवून वाळत घातला होता, ते मला नक्की आठवतंय, आणि याबाबतीत दादाचंही दुमत नाही. भिजलेला फोटो दुसऱ्या फोटोपासून सोडवताना एक चिकट आवाज येतो, आणि रंगाचा पापुद्रा एकाचा दुसऱ्याला जातो. माझ्या बारशाच्या फोटोत सगळ्यांच्या साड्या आहेत, पाळणा आहे, पंखा आहे, आणि चेहऱ्यांच्या जागी गुलाबी-पिवळे डाग. आई ते फोटो टाकून देईना. अजून आहेत तिच्याकडं, बिस्किटाच्या डब्यात.

आता माझ्यापुढं प्रश्न हा की होडी काढू की नको.

नेमकं त्याच आठवड्यात आम्ही आर्ट स्पीगलमनचं 'माऊस' वाचत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्पीगलमननं आपल्या वडलांची, व्लाडेकची गोष्ट काढलीय, पोलंडमधला ज्यू माणूस, आऊशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेला, आता न्यूयॉर्कात म्हातारपणी चिकूपणा करून सगळ्यांना पिडणारा. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, अमेरिकन कुत्रे. पहिला भाग १९८६ ला आला, दुसरा १९९१ ला आणि १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचं खास पारितोषिक मिळालं. एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मला मात्र त्यातलं एकच पान घेऊन बसायचंय.

दुसऱ्या भागात आर्ट वडलांना विचारतो की कैदी कामावर निघताना छावणीच्या फाटकात बँड वाजायचा ना, मी वाचलंय. आणि हे खरंच आहे, आऊशवित्झमध्ये कैद्यांचा वाद्यवृंद होता, त्याच्या नोंदी आहेत. व्लाडेक म्हणतो, बँड? छे, मला तर फक्त चालणं आठवतंय, बँडबिंड काही नव्हता. आता मुलगा काय करणार? वडलांवर विश्वास ठेवायचा का कागदपत्रांवर? त्यानं काय केलंय बघा, आधीच्या चौकटीत बँड काढलाय, वाजवणारे उंदीर, त्यांची वाद्यं, सगळं. मग वडलांचं "नव्हता" येतं, आणि नंतरच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांची रांग पुढं आलीय आणि तिच्यामागं बँड झाकला गेलाय. पण पूर्ण नाही. डोक्यांच्या मधनं वाद्यांची टोकं तेवढी वर डोकावतायत.

हे मी बघितलं तेव्हा अंगावर काटा आला वगैरे नाही म्हणणार, मला आधी राग आला, की एवढं साधं मला का सुचलं नाही. गद्यात हे लिहायचं तर 'वडलांना आठवत नव्हतं, परंतु इतिहासकारांच्या मते' असं तळटीप छाप वाक्य करावं लागतं आणि त्यात वडील खोटे ठरतात. इथं कोणीच खोटं ठरत नाही. तो माणूस रांगेत होता, रांगेत असलेल्याला पुढच्याची पाठ दिसते. बँड होता आणि त्याला दिसला नाही, दोन्ही एकाच चौकटीत बसलं.

'माऊस'मध्ये खरे, कॅमेऱ्यानं काढलेले फोटो फक्त तीन आहेत. एक लहानपणचा आर्ट आणि आई आन्या. आन्यानं १९६८ मध्ये आत्महत्या केली, त्यावर त्यानं १९७२ मध्ये एक छोटं कॉमिक काढलं होतं ज्यात माणसं माणसांसारखीच आहेत, ते जसंच्या तसं 'माऊस'मध्ये घातलंय आणि हा फोटो त्यात आहे. दुसरा युद्धात गेलेल्या थोरल्या भावाचा, रिश्यूचा. तिसरा खुद्द व्लाडेकचा, कैद्याच्या पट्ट्यापट्ट्याच्या कपड्यात, एकदम ताठ, देखणा. तुम्ही म्हणाल हा घ्या पुरावा. आणि तिथंच व्लाडेक सांगतो की युद्ध संपल्यावर मला एक फोटोवाला दिसला, त्याच्याकडं छावणीचा कोरा करकरीत युनिफॉर्म होता, लोक तो घालून आठवण म्हणून फोटो काढून घ्यायचे. म्हणजे अख्ख्या पुस्तकात जो सगळ्यात पुराव्यासारखा दिसतो तो फोटो पोज देऊन काढलेला, आणि उंदरांची शेपटं लावलेली चित्रं मात्र तासन्तास केलेल्या टेप रेकॉर्डिंगवरनं आलेली. वर्गात आमच्या एका काकांनी (बँकेतनं रिटायर झालेले, सगळ्यात नियमित विद्यार्थी) पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मग ऑडिट करायचं कशाचं?

ऑडिटवाल्यांचा गोंधळ खरंच झाला होता. दुसरा भाग आल्यावर न्यूयॉर्क टाइम्सनं तो बेस्टसेलरच्या यादीत फिक्शनमध्ये टाकला, उंदरं बोलतायत म्हणजे कल्पितच असणार. स्पीगलमननं त्यांना पत्र लिहिलं, आणि मग त्यांनी तो नॉन-फिक्शनमध्ये हलवला. मला यात टाइम्सची फार चूक वाटत नाही खरं तर. आपणही कॉमिक म्हटलं की चांदोबा, चाचा चौधरी नाहीतर अमर चित्र कथा इथंच थांबतो, आणि खरी गोष्ट म्हटलं की आत्मचरित्र, जाड, मुखपृष्ठावर लेखकाचा हनुवटीला हात लावलेला फोटो.

असो. कॉमिक्सच्या शास्त्रात दोन चौकटींच्या मधली जी पांढरी पट्टी असते तिला गटर म्हणतात. आता गटर म्हटलं की सांगलीच्या माणसाच्या डोळ्यापुढं वेगळंच येतं. आमच्याकडं पूर नदीकडनं येत नाही, म्हणजे येतो नदीचाच, आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी आहे तिकडं सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, पण गल्लीत पाणी पहिल्यांदा दिसतं ते गटारीतनं उलटं वर येताना. नदी चढली की नाल्यांचं पाणी जाणार कुठं, ते मागं फिरतं. लोक नदीकडं बघत बसतात आणि पाणी मागच्या मोरीतनं घरात. तर हे कॉमिक्सचं गटरही असंच काम करतं असं माझं म्हणणं. स्कॉट मॅक्लाउड म्हणून एकजण आहे, त्यानं १९९३ मध्ये कॉमिक्स कशी काम करतात यावर अख्खं पुस्तकच कॉमिक काढून लिहिलं. त्यात एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस, दुसऱ्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. मधे पांढरी पट्टी. कुऱ्हाड मारली कुणी? तो म्हणतो, वाचणाऱ्यानं. तुम्ही चौकटींकडं बघत असता आणि खरा प्रकार मधल्या गटरात घडून गेलेला असतो.

मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' वाचताना हे जास्त कळलं. इराणमधली क्रांती, मग इराकशी युद्ध, आणि तेहरानमधली एक आगाऊ मुलगी. फ्रेंचमध्ये २००० ते २००३ दरम्यान चार भागांत आलं. चित्रं ठसठशीत काळी-पांढरी, मधे करडा रंगच नाही. त्यात सुरुवातीलाच एक चौकट आहे, हिजाब घातलेल्या मुलींचा वर्गाचा फोटो, आणि ती म्हणते मी अगदी डावीकडं बसलेय म्हणून दिसत नाही. आत्मचरित्राच्या दुसऱ्याच चौकटीत लेखिका चौकटीबाहेर! मी हे वाचून हसले होते, आणि पुढं विसरून गेले होते, नंतर आठवायची पाळी आली ते सांगते पुढं.

त्यातलीच दुसरी एक जागा. शेजारच्या ज्यू कुटुंबाच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं. मार्जान बाजारातनं धावत घरी येते, तिचं घर शाबूत असतं, आई तिला ओढत पुढं नेत असते आणि ढिगाऱ्यात तिला मैत्रिणीचं, फिरोजा खड्यांचं ब्रेसलेट दिसतं. ब्रेसलेट कशाला तरी अडकलेलं असतं. कशाला, ते ती काढत नाही. पुढच्या चौकटीत तोंडावर हात, मग डोळ्यांवर हात, आणि मग पूर्ण काळी चौकट. चित्रात काहीच नाही, फक्त काळी शाई. सिनेमात इथं पार्श्वसंगीत घालावं लागलं असतं, कादंबरीत एखादा परिच्छेद. इथं वाचणारा त्या काळ्या चौकोनासमोर त्याला हवं तेवढं थांबतो, पान उलटणं त्याच्या हातात आहे. मी बराच वेळ थांबले होते, लोकलमध्ये होते तेव्हा, शिवाजीनगर गेलं कळलं नाही.

हे सगळं सुरू कुठनं झालं म्हणाल तर १९७२ हे वर्ष गमतीचं आहे. अमेरिकेत जस्टिन ग्रीननं स्वतःच्या कॅथलिक अपराधीपणाचं आणि मनात घुसणाऱ्या विचारांच्या आजाराचं कॉमिक काढलं, इंग्रजीतल्या आत्मचरित्रात्मक कॉमिक्सची सुरुवात तिथनं धरतात, स्पीगलमनही त्याचं ऋण मानतो. आणि त्याच वर्षी जपानमध्ये केइजी नाकाझावानं 'मी पाहिलं' अशा अर्थाच्या नावाचं छोटं कॉमिक काढलं. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो सहा वर्षांचा, शाळेच्या फाटकाच्या भिंतीआड होता म्हणून वाचला. बरीच वर्षं तो या विषयापासून लांब पळत होता. मग १९६६ मध्ये आई गेली, आणि दहनानंतर अस्थी वेचायला गेला तर अस्थी नाहीत, नुसती राख. त्यानंतर तो काढायला लागला. पुढं 'बेअरफूट गेन' ही त्याची मोठी कॉमिक-मालिका त्यातनंच आली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

माझी सगळ्यात आवडती मात्र ॲलिसन बेक्डेल, कारण ती माझ्यासारखी शंकेखोर आहे. तिचं 'फन होम' २००६ चं. वडील इंग्रजीचे मास्तर आणि घरच्या धंद्याचं फ्युनरल होम, म्हणजे मयताची व्यवस्था बघणारं ठिकाण, चालवणारे, भावंडं त्यालाच लाडानं फन होम म्हणायची. १९८० मध्ये वडील रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेले. ड्रायव्हरचं म्हणणं, साप दिसल्यासारखा माणूस मागं उडी मारून आला. अपघात का आत्महत्या? तिला आत्महत्या वाटते, पुरावा काही नाही. ती तो रस्ता पुन्हा पुन्हा काढते. सात वर्षं लागली म्हणे पुस्तकाला, आणि का लागली ते कळतं, प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक माणसाची पोज तिनं स्वतः देऊन कॅमेऱ्यानं फोटो काढले आणि मग त्यावरनं चित्र केलं. वडलांची पोज पण तिनंच दिली. विचार करा, पँट-शर्ट घालून वडलांसारखं उभं राहायचं, टायमर लावायचा, मग बघायचं की बाबांचा हात असा असायचा का. जुनी पत्रं, डायऱ्या, नकाशे हे सगळंही स्कॅन करून न चिकटवता हातानं परत काढलेलं.

आणि तिची डायरी! दहा वर्षांची असताना तिला झपाटल्यासारखं व्हायला लागलं होतं, की मी जे लिहितेय ते खरंच तसं झालं का, कशावरनं? म्हणून ती प्रत्येक वाक्याच्या मधे बारीक अक्षरात 'मला वाटतं' लिहायची. आम्ही सिनेमाला गेलो, मला वाटतं. सिनेमा छान होता, मला वाटतं. मग तेवढं लिहायचाही कंटाळा आला तर त्याची एक खूण केली, छपरासारखी, आणि ती खूण शब्दांवर, नावांवर, शेवटी शेवटी अख्ख्या पानावर मारायला लागली. ते पान तिनं पुस्तकात काढलंय. मॅडमनी त्यावर आमच्याकडनं एक खेळ करून घेतला, प्रत्येकानं कालच्या दिवसाची पाच वाक्यं लिहायची आणि जिथं खात्री नाही तिथं छप्पर घालायचं. माझ्या पाच वाक्यांवर चार छपरं पडली. बँकेतल्या काकांच्या एकाही वाक्यावर नाही. त्यांना कालच्या भाजीचा भावसुद्धा माहीत होता.

मराठीत आत्मचरित्रांना तोटा नाही, लक्ष्मीबाई टिळकांनी तर आपल्या आठवणींना नावच 'स्मृतिचित्रे' दिलं, चित्रं सगळी शब्दांत. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, त्यात मुंबईतल्या कावाखान्याचं वर्णन वाचताना कोपरान्कोपरा दिसतो. पण हातानं काढलेलं, चौकटीतलं, असं आपल्याशी जोडलेलं शोधायला गेले तर सगळ्यात आधी हातात आलं ते 'भीमायन', २०११ चं, आणि ते इंग्रजीत. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. त्याचा मोठा आधार म्हणजे बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणी, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

त्यातला पहिला प्रसंग मसूर स्टेशनवरचा. सांगलीहून पुण्याला येता-जाता मसूर लागतं, कराडच्या जवळ, मी शेकडो वेळा त्यावरनं गेलेय आणि शेकडो वेळा खिडकीतनं बाहेरही बघितलं नाही. १९०१ च्या सुमाराला साताऱ्याहून लहानगा भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं अशी वडलांना भेटायला निघाली, वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. पत्र गेलं होतं पण शिपाई ते द्यायला विसरला, त्यामुळं स्टेशनवर न्यायला कुणीच नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो, कपड्यांवरनं त्याला बामणाची पोरं वाटलेली. मग विचारतो तुम्ही कोण. पोरगा सांगून टाकतो, महार. मास्तरचा चेहरा पालटतो. पुढं दुप्पट भाडं देऊन बैलगाडी, तीही पोरांनीच हाकायची, गाडीवाला बाजूनं चालत. आणि रात्रभर पाणी नाही. डबा आहे, भूक आहे, पाण्यावाचून घास उतरत नाही.

हे काढायचं म्हटल्यावर व्याम पती-पत्नींनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की आम्ही माणसांना चौकटीत कोंबणार नाही. मग पानाची विभागणी केली ती दिगण्यानं, म्हणजे गोंड घरांच्या भिंतीवर-जमिनीवर जे नक्षीचे पट्टे काढतात त्यानं, वळणं घेत, पानभर. आणि बोलण्याचे फुगे! गोड, साधं बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे. ज्यांच्या बोलण्यात जातीचं विष आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा. हे इतकं सरळ आहे की आठ वर्षांच्या पोराला कळेल, आणि इतकं अचूक की मसूरच्या मास्तरचा आवाज कसा असेल हे मला त्या नांगीतनं ऐकू आलं. शब्द तेच असतात हो पुष्कळदा. "कोण तुम्ही?" हे दोन शब्द पक्ष्यातनंही येऊ शकतात आणि विंचवातनंही.

वर्गात यावर भांडण झालं. एकीचं म्हणणं, हे मेमॉयर कसलं, ज्याची आठवण त्याचा हात नाही, रेषा दुसऱ्याची. बरोबर आहे तिचं. बेक्डेलचा हात आणि बेक्डेलची आठवण, ती गोष्ट वेगळी. पण मला उलट वाटत होतं, आणि ते तेव्हा नीट बोलता आलं नाही. व्याम मसूरला नव्हते, म्हणूनच त्यांनी गाडीचा डबा कसा होता, टोपी कशी होती असल्या खात्रीच्या भानगडीत न पडता आगगाडी सरळ सापासारखी काढली. आम्ही बघितलंय असा आवच नाही. जसा स्पीगलमननं उंदराचा मुखवटा घातलाय, दुसऱ्या भागात तर स्वतःला माणूस म्हणून टेबलाशी बसवून तोंडावर उंदराचा मुखवटा दोरीनं बांधलेला दाखवलाय, दोरी दिसते. काश्मीरच्या मलिक सजादनं 'मुन्नू'मध्ये, २०१५ चं, काश्मिरी माणसं हंगुल हरणांसारखी काढली, तेही त्याच वाटेनं. फोटोसारखं हुबेहूब काढलं की उलट संशय येतो, असं माझं मत झालंय. दोरी दिसू देणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

तर माझी होडी.

दादाशी बोलल्यावर दोन दिवस मी चिडून होते, मग मी खांद्यावरनं काय दिसत असेल याचा विचार करायला लागले. बाबांच्या खांद्यावर बसलेली नऊ वर्षांची मुलगी, तशी दांडगीच, बाबांची चाल पाण्यात जड, एकेक पाऊल चाचपत टाकलेलं, अंग डुलतंय. खाली बघितलं तर बाबांचे पाय दिसत नाहीत, मांडीच्या खाली सगळं गढूळ, चहासारखं पाणी, त्यात थर्मोकोल, चपला, आणि घरांच्या भिंती दोन्ही बाजूंनी हळूहळू मागं सरकतायत. आणि मग मिरजेला मावशीकडं पोचल्यावर टीव्हीवर दिवसभर रबरी बोटी. कुणी सांगितलं असतं मला की तू होडीत नव्हतीस?

मग पाचवी चौकट अशी काढली, फक्त पाणी, दोन्ही बाजूंना भिंती, आणि वर चौकटीच्या कडेतनं खाली लोंबणारे माझे दोन पाय, एका पायात चप्पल. कशावर बसलेय ते दिसत नाही. पाण्यावर बाबांच्या मांड्यांभोवती जशी लाट फुटेल तशी एक इंग्रजी व्ही सारखी लाट काढली. होडीच्या टोकाभोवतीही तशीच फुटते. पायऱ्यांचं म्हणाल तर पहिल्या चौकटीत तीन पायऱ्या पाण्यात आहेत आणि बाकीच्या चार फक्त पेन्सिलीनं, शाई न करता ठेवल्यात. मॅडमना ते आवडलं. काकांनी विचारलं, पेन्सिल पुसायची राहिली का?

दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा पान घेऊन गेले. दादानं बघितलं, हसला, म्हणाला टेम्पो बरा आलाय पण मामाच्या टेम्पोला पुढं लिंबू-मिरची नव्हती, हनुमान होता. वहिनी म्हणाली ह्यांचं पोट एवढं नव्हतं तेव्हा. मग आईला दिलं. तिनं चष्मा आणायला लावला, खिडकीपाशी गेली, एकेका चौकटीवर बोट ठेवत बघत होती, जशी पंचांग बघते तशी. टीव्हीच्या चौकटीवर जरा हसली. बाबांवर बोट बराच वेळ राहिलं. आठवी झाली, मग परत पहिलीपासून बघायला लागली. मला वाटलं आवडलं असणार.

"चांगलं काढलंयस," म्हणाली. मग, "मी कुठंय गं?"

मी पान हातात घेतलं. जिना आहे, दादा आहे, बाबा दोनदा आहेत, मामाचा टेम्पो आहे, मावशीचा टीव्हीसुद्धा आहे. आई नाही. आठ चौकटींत कुठंच नाही. आणि मी आठवायला लागले तर खरंच, त्या अख्ख्या संध्याकाळीतली आई मला आठवेना, आवाजही नाही. सत्रापी तरी बोलून दाखवते की मी फोटोत कडेला आहे. इथं मला तेवढंही लक्षात आलं नव्हतं, तीन महिने त्या पानाशी झटत होते तरी.

"तू काय करत होतीस तेव्हा?"

तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, शाईचं, आणि पहिल्या चौकटीच्या बाहेर, जिन्याच्या मागं जिथं स्वयंपाकघर येईल तिथं, गटरातच एक फुली मारली. "इथं होते. तांदळाचं पिंप वर चढवायचं होतं, कुणाला सवड होती, मग एकटीच पातेल्यानं उपसत बसलेले. पाणी मोरीतनं येत होतं."

"पिंप केवढं होतं?"

तिनं पान बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाखवलं.